स्वस्त ट्रायपॉड-सेल्फी स्टिक: दुकानातच काय तपासावे?

प्रश्न: सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत चित्रीकरणासाठी ५०० रुपयांच्या आतील जोडसंच नवी पेठेत पाहिले, सगळे सारखेच दिसतात. पारख कशी करावी?

उत्तर १: दांडा पूर्ण उंच करून, स्वतःचाच फोन लावून, वरच्या टोकाला हलकी टिचकी मारावी. थरथर लवकर थांबत नसेल, तर वरचे बारीक टप्पे न उघडता तो वापरावा लागेल. मग खोक्यावरच्या उंचीला काय अर्थ?

उत्तर २: पायांच्या बिजागऱ्या अवश्य पाहाव्यात. माझ्या स्टिकची प्लास्टिकची बिजागरी महिनाभरात तुटली आणि दुकानदाराने हात वर केले. फोन धरणारा चाप वेगळा निघत असल्यास त्याखालचा पाव इंची स्क्रू धातूचा असावा. प्लास्टिकचे आटे झिजतात.

उत्तर ३: ब्लूटूथ रिमोट दुकानातच जोडून पाहावा. बटणसेल कोणता, तेही विचारावे.