मदत हवी आहे: आफ्रिकन बायकांना एंडोमेट्रिओसिस होतच नाही का?

नमस्कार. मी चार वर्षं नैरोबीत आहे. प्रश्न माझा नाही, ऑफिसातल्या एका केनियन मुलीचा आहे. तिला विचारूनच लिहितेय.

वय २६. पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती सोड्याच्या बाटलीत गरम पाणी भरते, लेसोत (इथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते सुती कापड) गुंडाळून ओटीपोटाशी धरते आणि टेबलावर डोकं टेकून बसते. विचारलं की म्हणते, "सावा, सावा." म्हणजे, ठीक आहे. पंधराव्या वर्षापासून असंच. पोट इतकं फुगतं की स्कर्टचं बटण लागत नाही. त्याच दिवसांत शी करतानाही कळ येते. 'इन्फेक्शन आहे' म्हणून तीनदा अँटिबायोटिक्स झाली. सोनोग्राफी नॉर्मल.

पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीचं हुबेहूब असंच होतं. सहा वर्षं अंगावर काढलं, मग एंडो (एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) निघालं. म्हणून हिच्यासोबत डॉक्टरांकडे गेले आणि तो शब्द काढला. उत्तर मिळालं, "ते तुम्हा आशियाई नि गोऱ्या बायकांचं. आमच्यात नसतं. मूल झालं की थांबेल." शेवटचं वाक्य ऐकून आमची आजीच आठवली!

खरंच आफ्रिकेत कमी असतं का? पुढे काय करावं? (ओवा-हिंग सांगू नका प्लीज.)

मिरजेची_डॉक्टर:
न तपासता निदान करणार नाही, पण 'आमच्यात नसतं' हे चूक. जगात पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना एंडो असतं. आफ्रिकेचा पक्का आकडा नाही, कारण तिथे दुर्बिणीतून तपासणी (लॅपरोस्कोपी, पोटाला छोटा छेद देऊन आत बघणं) फार थोड्या जणींची होते. नायजेरियात इबादानला अशी तपासणी झालेल्या बायकांत जवळपास निम्म्या जणींना एंडो सापडलं होतं. त्या मुळात तक्रारी घेऊन आलेल्या, त्यामुळे हा आकडा सगळ्या लोकसंख्येला लावू नका. पण 'नसतं' म्हणायला तर जागाच उरत नाही.

तो समज जुना आहे, अमेरिकेतही होता. १९७६ मध्ये शिकागोच्या डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दुर्बिणीतून तपासलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत दर पाचातल्या एकीहून जास्त जणींना एंडो निघालं. त्यांतल्या बऱ्याच जणींवर आधी इन्फेक्शनचा शिक्का होता. तुमच्या मैत्रिणीसारखाच.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडो नाही, असं नसतं. चॉकलेट सिस्ट (एंडोमुळे अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ) दिसते, एंडोचे पातळ डाग सहसा दिसत नाहीत. लक्षणांवरून हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात, दुर्बिणीपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. आणि गरोदरपण हा इलाज नव्हे. संबंधाच्या वेळी दुखतं का, लघवीला त्रास होतो का, हे तिला एकटीला विचारा. चारचौघांत कोणी सांगत नाही.

माजी_मोंबासाकर:
डॉक्टरांना +१. तिथल्या जांबी कोइकाईचं नाव तुमच्या मैत्रिणीला नक्की माहीत असेल. रेडिओ-टीव्हीवरची लोकप्रिय निवेदिका. एंडो छातीपर्यंत पोचलं होतं, फुप्फुस पुन्हा पुन्हा आकसून बसायचं (कोलॅप्स), अटलांटाला जाऊन शस्त्रक्रिया केल्या. जून २०२४ मध्ये गेली. तिने उघडपणे बोलायला सुरुवात केल्यावर केनियात हा शब्द घराघरांत पोचला. तुमच्या त्या नैरोबीच्या डॉक्टरसाहेबांनी ऐकला नसेल तर कमाल आहे.

मिरजेची_डॉक्टर:
घाबरवू नका हो, छातीतलं एंडो दुर्मीळ आहे. पण पाळीतच उजव्या खांद्यात दुखणं किंवा धाप लागणं असेल तर अंगावर काढू नये, हे खरं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. विचारलं. खांदा, धाप नाही. बाकीच्या दोन्ही प्रश्नांना मात्र हो म्हणाली, आणि हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, असंही. आता वही केलीय: तारीख, कुठे दुखलं, दहापैकी किती, कोणती गोळी, कामावर खाडा झाला का. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. सोनोग्राफी पुन्हा करायची झाली तर ती योनीमार्गातून करा असं आपणहून सांगावं का? आणि पाळी चालू असताना गेलं तर चालतं का?