आधी सावलीची वाट, मग इमारती

उजनीकाठ:
मे महिन्यात पुतण्याला आणायला कानपूरच्या आयआयटीत गेलो होतो. बाहेर लू, झळ तोंडावर बसत होती. तरी ग्रंथालयापासून प्रयोगशाळांपर्यंत डोक्यावर ऊन न घेता चालत गेलो. वरून झाकलेली दुमजली वाट, गाड्या बाहेरच. साठच्या दशकात हे आखलं वास्तुकार अच्युत कानविंदे यांनी. मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे, पुढे हार्वर्डला नामवंत वास्तुकार ग्रोपियस यांच्याकडे शिकलेले. संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर. दोघंही आपली माणसं! आणि आपण सोलापुरात ४२ अंशांत पोरांना डांबरावरून पळवतो, नवी इमारत म्हटली की दर्शनी भागाला काच लावतो. इथल्या कुठल्याही नव्या विद्यापीठ-आवारात आधी सावलीची वाट आखायला हवी.

होटगीरोडकर:
दादा, कानपूरच्या त्या उघड्या, गिलावा न केलेल्या विटा-काँक्रीटचं कौतुक लांबून ठीक आहे. अहमदाबादच्या आयआयएमची, अमेरिकी वास्तुकार लुई कान यांनी आखलेली विटांची वसतिगृहं बघा. ओल शिरली, आतलं लोखंड गंजलं, विटा सुटायला लागल्या. २०२० च्या डिसेंबरात १८ पैकी १४ पाडायचं जाहीर झालं, जगभरातून विरोध झाला म्हणून थोड्याच दिवसांत मागे घेतलं. मी बांधकामात तीस वर्षं काढली. गच्चीची पन्हाळी पावसाळ्याआधी साफ करायला माणूस ठेवत नाहीत, तिथं असलं बांधकाम कोण सांभाळणार?

उजनीकाठ:
विटांचा हट्ट नाही हो माझा. वाटेचा आहे. पन्हाळी तर काचेच्या इमारतीलाही साफ करावीच लागते.

सिद्धेश्वरपेठ:
मला मूळ आखणीच पटत नाही. कानपूरला हजारावर एकर जागा आहे, म्हणून एवढ्या लांब वाटा लागतात. मी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात वाढले. हातभर जाड भिंती, वर पांढरी माती, छतातल्या साण्यातून उजेडाचा एकच चौकोन जमिनीवर पडायचा. दुपारी आजी त्याच्या कडेला बसून ज्वारी निवडायची, पंख्याशिवाय. मधे उघडा चौक ठेवून भोवती वर्ग बांधा, अंतरच उरणार नाही.

उजनीकाठ:
ताई, वर्ग चौकाभोवती बसतील. प्रयोगशाळा, कार्यशाळा, वसतिगृहं एका चौकात कशी बसवणार? चार चौक करा, पण ते जोडायला वाट लागेलच.

होटगीरोडकर:
चौक करा नाहीतर वाट करा, खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवरच्या पायावर लांब वाट उभी केली की खांब खालीवर होतात, सांधे उघडतात. मुरूम लागेपर्यंत खणायचा खर्च आधी धरा. तो धरत असाल तर वाटेला माझी हरकत नाही.