शाळेत जंताची गोळी देऊनही मुलीची रात्रीची खाज का थांबत नाही?

प्रश्न – मोगरा_नाशिक

माझी मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत शिकते. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत ती शौचाच्या जागी खाजवू लागते, कधी रडत उठते, आणि सकाळी विचारले तर तिला काही आठवत नाही. मधूनमधून लघवीच्या जागी आग होते अशीही तिची तक्रार असते, म्हणून आधी लघवीची तपासणी करून घेतली; तिच्यात काही निघाले नाही. त्यानंतर शौचाची तपासणी केली, तीही स्वच्छ आली. ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी दिली तेव्हा थोडे दिवस बरे वाटले, पण त्यानंतर त्रास पुन्हा सुरू झाला. सासूबाईंच्या मते हे सगळे गोड खाण्यामुळे होते, म्हणून सध्या घरात गूळ-साखरेवर बंदी आहे आणि रोज वावडिंगाचे पाणी चालू आहे. मुलगी झोपेत दातही खाते आणि गालावर फिकट पांढरे डाग आहेत. तपासणी स्वच्छ असताना हे जंतच असू शकतात का, आणि असतील तर गोळी घेऊनही ते कसे टिकले?

प्रतिसाद १ – बालरोग_कट्टा

मुलीला प्रत्यक्ष न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी आपण केलेले वर्णन सुतासारख्या बारीक पांढऱ्या जंतांशी बरेच जुळते. या जंताची मादी साधारण एक सेंटिमीटर लांबीची असते. ती मोठ्या आतड्यात राहते आणि मूल झोपले की गुदद्वारातून बाहेर येऊन भोवतालच्या त्वचेवर हजारो अंडी घालते. खाज त्यामुळेच सुटते, आणि ती रात्रीच सुटते. अंडी आतड्यात न घालता बाहेर घातली जात असल्याने शौचाच्या नमुन्यात ती बहुधा सापडतच नाहीत. म्हणून स्वच्छ अहवालावरून हे जंत नाहीत असे म्हणता येत नाही. मुलींमध्ये हे जंत पुढच्या बाजूला सरकतात आणि लघवीच्या जागेची आग पुष्कळदा त्यातूनच होते.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. सकाळी मुलगी उठल्याबरोबर, शौचाला किंवा आंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबावी, ती काचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यावी. असे लागोपाठ तीन सकाळी केल्यास अंडी नजरेतून सुटण्याची शक्यता फार कमी राहते. खाज सुटलेली असताना बॅटरीच्या उजेडात पाहिले तर काही वेळा हलणारे पांढरे धागे डोळ्यांनाही दिसतात.

आता गोळीबद्दल. अल्बेंडाझोल ही शाळेत मिळणारी गोळी आतड्यातले पूर्ण वाढलेले जंत मारते, पण अंड्यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही. नखांत, चादरीवर, चड्डीवर राहिलेली अंडी दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. मूल खाजवते, तोच हात तोंडात जातो, आणि चक्र नव्याने सुरू होते. ताजी अंडी अवघ्या काही तासांत संसर्ग करण्याजोगी होतात. त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावी लागते, आणि तीही घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, कारण मोठ्या माणसांना काहीही त्रास नसताना त्यांच्या पोटात हे जंत असू शकतात. आपल्या मुलीला एकटीलाच आणि एकदाच गोळी मिळाली, एवढे कारण त्रास परत येण्यास पुरेसे आहे.

औषधाच्या दिवसापासून काही आठवडे तिची नखे अगदी बारीक कापा, रात्री घट्ट चड्डी घाला, सकाळी उठल्यावर लगेच आंघोळ घाला आणि आतले कपडे रोज बदला. चादरी झटकू नका, कारण अंडी घरभर उडतात; त्या अलगद गोळा करून गरम पाण्यात धुवा.

गुळावरची बंदी मात्र उठवायला हरकत नाही. गोड खाऊन जंत होत नाहीत. अंडी पोटात गेल्याशिवाय हे जंत होणे शक्य नाही. झोपेत दात खाणे ही जंत नसलेल्या मुलांतही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, आणि गालावरचे फिकट डाग बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात. या दोन लक्षणांवरून जंताचे औषध देण्याची आपल्याकडची सवय इतकी मुरलेली आहे की दवाखान्यात ती रोज भेटते.

प्रतिसाद २ – खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेतली गोळी निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये, एवढ्यासाठी लिहिते. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला आणि तो मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे: मोठे गोल जंत, चाबकाच्या आकाराचे जंत आणि अंकुशकृमी. गोल जंताची अंडी शौचातून बाहेर पडल्यावर मातीत काही आठवडे मुरावी लागतात, मगच ती संसर्ग करतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात, ज्यामुळे मुले पांढरीफटक दिसू लागतात. उघड्यावर शौच आणि अनवाणी वावर जिथे अजून आहे, तिथे या गोळीचे महत्त्व वेगळेच आहे. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात आणि त्यापुढे १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी चावून खायला लावतात. ती नुसती गिळू देत नाहीत, कारण लहान मुलांच्या घशात ती अडकू शकते. त्या दिवशी ताप असलेल्या किंवा गैरहजर मुलांसाठी नंतर वेगळा दिवस ठेवलेला असतो.

प्रतिसाद ३ – तिरका_प्रश्न

सरसकट सगळ्या मुलांना गोळ्या देण्याने नेमके काय साधते, हाही प्रश्न विचारायला हवा. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख लहान मुलांवर वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि दर सहा महिन्यांनी गोळी दिलेल्या व न दिलेल्या मुलांच्या मृत्युदरात फारसा फरक आढळला नव्हता. संडास आणि पाण्यावर खर्च न करता गोळी वाटणे सरकारला सोपे पडते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ४ – बालरोग_कट्टा

मृत्युदरावर परिणाम दिसला नाही हे खरे आहे, पण गोल जंत मुलांना क्वचितच मारतात. अंकुशकृमींमुळे होणारा रक्तक्षय आणि जंतांचा गुंता होऊन आतडे अडणे हे त्रास त्या एका आकड्यात उतरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही ज्या भागात २० टक्क्यांहून अधिक मुलांना लागण आहे तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तिथे दोनदा गोळी द्यावी असे सांगते. म्हणजे सरसकट हा शब्दही तिथल्या लागणीच्या प्रमाणाशी बांधलेला आहे. संडासाबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, कारण माती दूषित राहिली तर गोळीनंतर काही महिन्यांत लागण पुन्हा होते.

मोगरा_नाशिक

आपले मनापासून आभार. आमचे एकत्र कुटुंब आहे. माझ्या जाऊबाईंना तिसरा महिना चालू आहे आणि नणंदेचे आठ महिन्यांचे बाळही सध्या इथेच आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचे तर या दोघांचे काय करावे? पुतण्याला लहानपणी आकडी आली होती, तेही सांगून ठेवते.

बालरोग_कट्टा

पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल घेऊ नये, म्हणून जाऊबाईंनी आत्ता औषध न घेता आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे आणि तोवर हात व नखे यांची स्वच्छता कटाक्षाने पाळावी. एक वर्षाखालच्या बाळाला ही गोळी स्वतःहून देऊ नका. त्याला खाज असल्यास डॉक्टरांना दाखवा. पुतण्याबाबतही आधी डॉक्टरांशी बोला, कारण मेंदूत फीतकृमीच्या अळीच्या गाठी असतील तर या औषधाने आकडी पुन्हा येऊ शकते. बाकीच्यांनी एक तारीख ठरवून पहिली मात्रा घ्यावी, आणि दुसऱ्या मात्रेची तारीख त्याच वेळी कालनिर्णयावर लिहून ठेवावी.