आडनाव माणसाला धंद्याकडे ओढतं का?

गिरगावकर (मूळ धागा): उसेन बोल्ट (इंग्रजीत बोल्ट म्हणजे सुसाट पळणं) शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पळाला. मार्गारेट कोर्टने टेनिसच्या कोर्टावर एकेरीची २४ ग्रँड स्लॅम जिंकली. २००८ ते २०१३ इंग्लंडचे सरन्यायाधीश कोण, तर जज आडनावाचे गृहस्थ! मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. बालवाडीच्या हजेरीपासून एकच नाव कानावर आदळत असेल, तर मनावर काहीच परिणाम होत नसेल? २००२ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पेलहॅम आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की डेंटिस्ट लोकांत डेनिस नावाचे अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात.

परळचा पाहुणा: त्याचं उत्तर सायमनसोन या संशोधकाने २०११ मध्ये दिलंय. डेनिस हे नाव एका ठरावीक पिढीत जास्त ठेवलं गेलं, म्हणून ते वकिलांतही जास्तच निघतात. दाते आडनावाचा दंतवैद्य भेटला की आपण दहा जणांना सांगतो, दाते आडनावाचा सीए भेटला तर घरी बायकोलाही सांगत नाही. आपल्या मुंबईचे फारुख इंजिनियर यष्टीमागे उभे राहिले, नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कप्तान झाले. माझ्या आत्याचं नाव शांता. नळाचं पाणी गेलं की चाळीच्या तिन्ही मजल्यांना कळतं.

गिरगावकर: आणि विजय मर्चंट? घराणं कापड गिरण्यांचं, स्वतःही तोच व्यवसाय.

परळचा पाहुणा: तिथे तर गाडी उलटी आहे. घराण्याचं आडनाव ठाकरसी. शाळेत वडिलांचा धंदा सांगितला आणि तोच आडनाव म्हणून चिकटला, असं सांगतात. पोतदार, फडणीस, सबनीस, सगळीकडे काम आधी आलं, आडनाव मागून.

कुंभार: माझं आडनाव वर आहेच. मी बँकेत कर्ज विभागात आहे. नव्या शाखेत गेलो तेव्हा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय कुंभार, माठ कितीला?" सगळे हसले. मी फाईल उघडून बसलो. आजही ते आठवलं की कान तापतात. सुतार, लोहार, चांभार ही नावं त्या त्या कामाला चिकटून राहिली, कारण दुसरं काम कुणी करूच दिलं नाही. माझे वडील दिवसा गिरणीत आणि रात्री रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाले, तेव्हा आडनाव त्यांना ओढत नव्हतं, अडवत होतं. बोल्टच्या पंक्तीत आम्हाला बसवू नका.

गिरगावकर: कुंभार, तुमच्या शाखेत झालं ते संतापजनकच आहे. आपल्याकडच्या जातीच्या आडनावांबद्दल माझा मुद्दा मागे घेतो. पण नावाचा मनावर काहीच परिणाम होत नाही, हे मला अजून पटत नाही. आईबाप बारशाला चार-चार दिवस नाव शोधतात ते काय उगाच?

परळचा पाहुणा: शोधतात ना. माझ्या आजीनेही शोधलंच होतं.