फँटसी कादंबरीचं मुखपृष्ठ: चित्रकाराला नेमकं काय सांगायचं?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, शाळेत मराठी शिकवते. चार वर्षं खपून एक फँटसी कादंबरी पूर्ण केली आहे. तळ्याच्या तळाशी एक बुडालेलं शहर आहे, आणि काठावर राहणारी विणकराची मुलगी जी चादर विणते तिच्या नक्षीत त्या शहराचे रस्ते उमटत जातात, अशी गोष्ट.

प्रकाशक लहान आहेत. मुखपृष्ठ तुम्हीच करून घ्या म्हणाले. ओळखीतल्या एका तरुण चित्रकाराला काम दिलं आणि दीड पानाची यादी पाठवली: मुलगी, माग, तळं, बुडालेलं शहर, सात मशाली, पांढरा घोडा, जलसर्प, म्हातारी राणी. त्यानं सगळंच्या सगळं काढलं. मेहनत दिसते, पण चित्र बघून मन भरत नाही. त्याला तरी काय म्हणणार, सांगितलं तेच त्यानं केलंय.

हे काम मुळात होतं कसं? लेखकानं किती सांगायचं? भाचा म्हणतो एआयकडून काढून घे, पाच मिनिटांचं काम. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नाही.

जुना बाजार

मी फक्त वाचक. एवढंच सांगतो की दुकानात पुस्तक हातात घेतो ते एखाद्या गोष्टीनं डोळा अडकला म्हणून. आठ गोष्टी असल्या की डोळा घसरतो.

पूर्वभाग

ताई, मी बावीस वर्षं मुखपृष्ठं करतोय, तुमच्याच गावात. वडील चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होते. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर काढायचे, मग त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. कार्डात भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. मोराच्या डोळ्याला दोन चौकोन आले तर दोनच, तिसरा मागायचा नाही. मी कागद घेऊन थेट मोर काढायला बसलो की ते विचारायचे, "पन्हा किती?" म्हणजे कापडाची रुंदी किती. मुखपृष्ठाचं काम मला त्या प्रश्नातनं कळलं.

तेव्हा आधी पन्हा. मराठी कादंबरी बहुतेक डेमी आकारात निघते, साडेपाच बाय साडेआठ इंच. उभा, अरुंद कागद. त्यातली बरीच जागा नावाला जाते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. नाव दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून मी चित्राआधी नावाची अक्षरं पेन्सिलनं टाकतो. नंतर बघू म्हटलं की नाव नेमकं नायिकेच्या कपाळावर येतं.

मग वाचन. पूर्ण हस्तलिखित, दोनदा. पहिल्यांदा हातात पेन्सिलही घेत नाही. दुसऱ्यांदा डोळ्यापुढं जे उभं राहील ते समासात काढतो. तुमच्या चित्रकाराला तुम्ही यादी दिलीत, हस्तलिखित दिलंत का? नसेल तर आज द्या. आणि यादीऐवजी एकच ओळ लिहून द्या: पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात काय राहावं. बाकी त्याला शोधू द्या.

त्यानंतर आगपेटीएवढे चौकोन आखून पंधरा-वीस बारीक चित्रं. काळा, करडा, पांढरा, तीनच छटा. चित्र इथं ठरतं, रंगात नाही. हा कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो. तिथनं आकार कळला नाही तर तो चौकोन बाद. हल्ली पुस्तक आधी मोबाईलवर दिसतं, टपाल तिकिटाएवढं. त्यात राणी, घोडा आणि साप मिळून नुसता डाग होतो.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. जे कधी नव्हतंच ते खरं वाटायला हवं, आणि ते खऱ्या वस्तूकडं टक लावून बघितल्याशिवाय होत नाही. एका कादंबरीत राक्षसांचा कोट होता. मी परदेशी किल्ल्यांचे फोटो बघून काढला, तो केकसारखा गुळगुळीत झाला. मग तीन संध्याकाळी आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाशी जाऊन बसलो. दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजलेला, त्याच्या मुळीनं एक चिरा बोटभर पुढं ढकललेला, आणि त्या चिऱ्याखाली पावसाच्या ओघळाची काळी रेघ. ती रेघ कागदावर आली आणि कोट उभा राहिला.

तुमचं तळं तर समोरच आहे. सिद्धेश्वराच्या तळ्यावर दिवस कलताना त्या चित्रकार मुलाला घेऊन जा. पाण्यात उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं काळवंडतं आणि काळ्या वस्तूचं थोडं उजळतं, हे त्याला तिथं दाखवा. बुडालेलं शहर रंगवायची किल्ली त्यातच आहे.

मी असतो तर एकच आकार घेतला असता. मागावरनं उतरलेली चादर, एक टोक काठावर मुलीच्या मांडीवर, दुसरं पाण्यात. पाण्यात गेलेल्या भागात नक्षीचे रस्ते होत जातात. उभ्या कागदाला उभी चादर बसते, वर आकाशात नावाला जागा राहते. राणी आणि घोडा आत वाचायला ठेवा.

भाच्याला सांगा, मी एआयकडून मागाचं चित्र काढून बघितलंय. ताण्याचे धागे हवेतच संपतात, आडवा धागा ठोकून बसवणारी फणी कुठंही लावलेली. त्या मागावर वीतभर कापड निघणार नाही. ज्या गावात घराघरात माग वाजले, तिथं विणकराच्या मुलीच्या पुस्तकावर असलं चित्र नको.

आणि त्या मुलाला झालेल्या कामाचे पैसे आधी द्या. दुसरं चित्र हे दुसरं काम आहे.

ऑफसेटवाला

छपाईकडून दोन गोष्टी. पानांचा आकडा आणि कागद पक्का झाल्याशिवाय अंतिम फाईल करू नका, कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची, जाडी त्यावर ठरते. ३२० पानं म्हणजे १६० कागद. ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो हा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड, म्हणजे कणा १६ मिमीच्या आसपास. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र, सोडा. मलपृष्ठावर बारकोडची जागा राखा, तिथं सापाचं डोकं नको.

निळ्याला जपा. तळं, रात्र म्हटलं की लोक सायन (छपाईचा निळा) आणि मजेंटा (छपाईचा गुलाबी) दोन्ही भरून टाकतात आणि छापून आलं की जांभळं दिसतं. मजेंटा सायनपेक्षा निदान तीसेक टक्क्यांनी कमी ठेवा.

पूर्वभाग

हे अगदी खरं. माझ्या एका मुखपृष्ठावर रात्रीचं जंगल होतं. स्क्रीनवर नायिकेचा चेहरा झाडांतनं स्पष्ट दिसत होता. छापखान्यानं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. वर बिनचमकीचं मॅट लॅमिनेशन झालं, ते गडद रंग आणखी दाबतं. हजार प्रतींवर चेहऱ्याच्या जागी नुसतं झाड. लेखिकेनं दोन वर्षं वाट बघितली होती त्या पुस्तकाची. अजून तिच्यासमोर गेलो की मला ते आठवतं. तेव्हापासून लॅमिनेशन केलेलं प्रूफ हातात घेऊन उन्हात बघितल्याशिवाय होकार देत नाही.

करारही लेखी करा. चित्राचे हक्क किती मुदतीसाठी हे लिहिलं नाही तर कायद्यानं पाचच वर्षं धरतात, पुढच्या आवृत्तीला अडचण येते.

तळ्याकाठची

दादा, मनापासून आभार. काल त्याला घेऊन तळ्यावर गेले होते. हस्तलिखित दिलंच नव्हतं मी, लाज वाटली. त्यानं रात्रीत सहा प्रकरणं वाचली आणि सकाळी फोन करून विचारलं, "ही मुलगी विणताना बघते कुठं, कापडाकडं की पाण्याकडं?" मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षांत मी स्वतःला हे विचारलंच नव्हतं.

पूर्वभाग

पोरगा चांगला आहे, सोडू नका त्याला. हातमाग चालू असेल अशा घरी त्याला एक सकाळ बसवा. विणणारी एका हातानं आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढते, दुसऱ्यानं फणी मारते, पाय मागाखालच्या पावडीवर. नजर कुठं असते ते तिथं त्याला दिसेल, आणि तुम्हालाही. आगपेटीचे चौकोन झाले की इथं टाका, मी बघतो.