मदत हवी आहे: रॅडिकल हिस्टरेक्टॉमीनंतर सीरम एलडीएच उतरण्याऐवजी चढलेला येतोय

प्रश्न
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या स्टेजमधल्या रुग्णांचा सीरम एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज, इजा झालेल्या पेशींतून रक्तात येणारं एंझाइम) रॅडिकल हिस्टरेक्टॉमीच्या (गर्भाशय आणि आसपासच्या ऊती काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या) आदल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या दिवशी मोजत आहोत. गाठ निघाल्यावर तो उतरायला हवा, पण बहुतेकींचा वाढलेला येतो. लॅक्टेट ते पायरुवेट पद्धत, 340 नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजतो, 37 अंश. रिएजंट 1000 मायक्रोलिटर, सीरम 20, शोषणातल्या मिनिटाच्या फरकाला गुणायचा फॅक्टर 8199. नमुने 4 अंशांवर ठेवून आठवड्यातून एकदा लावतो. गणित चुकतंय का?

प्रतिसाद १
गणित बरोबर आहे: 1020 (एकूण मायक्रोलिटर) भागिले (6.22, म्हणजे अभिक्रियेत बनणाऱ्या एनएडीएचचा शोषणांक, गुणिले 0.02 मिलिलिटर सीरम) म्हणजे 8199. मिनिटाला 0.030 फरक आला तर 246 युनिट प्रति लिटर.

घोळ फ्रिजमध्ये आहे. एलडीएच-4 आणि एलडीएच-5 (एलडीएचच्या पाचांपैकी दोन प्रकार) थंडीत निकामी होतात, आणि गाठीतून वाढतो तो बहुधा एलडीएच-5च. दोन्ही नमुने एकाच फेरीत लावले तर आदल्या दिवशीचा नमुना फ्रिजमध्ये जास्त दिवस राहतो, म्हणून तो खोटा कमी येतो. तिसऱ्या दिवशीचा ताजा असल्याने जास्त. सीरम खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच दिवशी लावा. फ्रीझरमध्ये गोठवूनही हा प्रश्न सुटत नाही.

मधेच किट बदललंय का तेही बघा. पायरुवेट ते लॅक्टेट पद्धतीत आकडे जवळपास दुप्पट येतात; दोन्ही एका तक्त्यात चालणार नाहीत.

प्रतिसाद २
फ्रिज सुधारला तरी तिसरा दिवस चुकीचाच. पोटाचे स्नायू कापलेले, ऊती चिमटलेल्या, पोटात साकळलेलं रक्त, वर रक्त चढवलेलं असेल तर साठवणीतल्या फुटक्या पेशी. हे सगळं एलडीएच सोडतं. जखमेचा वाटा ओसरल्यावर, म्हणजे सहा आठवड्यांच्या तपासणीला नमुना घ्या, आणि रेडिएशन सुरू झालं असेल तर तो गट वेगळा ठेवा.

हिमोलिसिस (नमुन्यातल्या लाल पेशी फुटणं) तर सगळ्यांत वाईट. लाल पेशींत एलडीएच सीरमच्या शंभरपटीहून जास्त असतो, त्यामुळे सीरम गुलाबी दिसण्याआधीच आकडा फुगतो. सलाइनच्या कॅन्युलातून रक्त ओढू नका. सिरिंजची सुई काढून, ट्यूबच्या कडेने हळू सोडा. रक्त अर्धा तास साकळू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये 1500 जी वर 10 मिनिटं फिरवा, सीरम लगेच वेगळं करा. हिमोलिसिस इंडेक्स (सीरममध्ये किती हिमोग्लोबिन मिसळलंय ते दाखवणारा मशीनचा आकडा) मिळत असेल तर प्रत्येक नमुन्याचा नोंदवा. बिघडलेला नमुना टाकून द्या, 'दुरुस्त' करू नका.

प्रश्नकर्ता
जुने आकडे वाचवता येतील का? आणि एलडीएचला कर्करोगाचा मार्कर (रक्तातली खूण) म्हणावं का?

प्रतिसाद २
ज्यांच्या दोन्ही नमुन्यांचे साठवणीचे तास नोंदलेले आणि सारखे आहेत, तेवढ्याच जोड्या ठेवा. त्याही शस्त्रक्रियेचा परिणाम म्हणूनच मांडा, गाठीचा म्हणून नाही.

एकटा एलडीएच निदानाला उपयोगाचा नाही. यकृत, हृदय, रक्तक्षय, क्षयरोग, कशानेही वाढतो. स्क्वेमस (चपट्या पेशींच्या) प्रकारात सोबत एससीसी अँटिजेन (त्या प्रकारच्या गाठीतून रक्तात येणारं प्रथिन) लावा. तुलनेला कर्करोग नसताना पोटावरूनच गर्भाशय काढलेल्या स्त्रिया घ्या, पण फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या साध्या गाठीच्या) रुग्ण जपून निवडा. सडू लागलेल्या फायब्रॉइडमध्येही एलडीएच चढतो. शस्त्रक्रियेनंतर उतरलेला आकडा पुढच्या फेऱ्यांत पुन्हा चढू लागला तरच तो बघण्याजोगा, आणि तेव्हाही आधी नमुना पुन्हा घ्या. एका आकड्यावरून रुग्णाला 'परत आलाय' असं कुणी सांगू नये, ही काळजी तुमच्या प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.