बसची 'झडप' ताशी ४० किमी? (चाल, वेग, झडप: मुलांना काय सांगू?)

सूरसागरकाठ:
एक अडचण आहे, जरा मदत करा. आमच्याकडे बडोद्यात, दांडिया बाजारात, संध्याकाळी पाच-सहा मुलं अभ्यासाला येतात, सगळी मराठी घरातली, सातवीपर्यंत मराठीत शिकली आणि आता नववीला गुजराती माध्यमात गेलीत. त्यांच्यासाठी बल आणि गतीच्या दोन पानी टिपा मराठीत करतेय, म्हणजे घरी आई नाहीतर आजी शेजारी बसली तर तिलाही कळेल. पण पहिल्याच ओळीला अडले. गुजरातीत स्पीडला 'झडप' आणि व्हेलॉसिटीला 'वेग'. महाराष्ट्राच्या पुस्तकात स्पीडला 'चाल'. काल एकाने लिहिलं, 'बसची झडप ताशी ४० किमी', तर त्याची आजी म्हणते, बसला कसल्या रे झडपा, झडपा हृदयाला असतात, माझ्या दोन खराब आहेत. मग 'दगडाचं दळ २ किलो' आलं (मासला तिकडे दळ म्हणतात), तर म्हणे दगड कोण दळतं? हसून झालं, पण मी लिहू काय?

पुण्याहून_बडोद्याला:
चाल. यात चर्चेसारखं काही नाही. अंतर भागिले वेळ म्हणजे चाल, विस्थापन (निघालो तिथपासून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) भागिले वेळ म्हणजे वेग, वस्तुमान म्हणजे वस्तुमान. मराठीत नेमके शब्द असताना झडप कशाला घ्यायची?

मांडवीवाला:
अहो पण आमच्या घरात चाल म्हटलं की कोणीतरी पेटी उघडतं. चाल गाण्याची. नाहीतर बुद्धिबळातली. नाहीतर शेजाऱ्याची आपल्याविरुद्धची :) पोरगं विचारेल, बसची चाल कुठल्या रागात?

पुण्याहून_बडोद्याला:
घोड्याची दुडकी चाल ऐकली नाहीत का कधी? चालणे या क्रियापदावरूनच आलाय शब्द, आपला आहे.

बेलाचं_पान:
दुडकी चाल म्हणजे चालण्याची ढब हो, किती वेगाने ते नाही. बघा, मी पण 'किती वेगाने' असंच लिहिलं. बोलताना स्पीड काय आणि व्हेलॉसिटी काय, आपल्याला वेगच सुचतो. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या पाटीवर 'वेगमर्यादा' असते, 'चालमर्यादा' बघितलीय का कोणी? पोलीस दिशा विचारत नाही, नुसता आकडा बघतो, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने सरकारी पाटीच चुकीची.

आणि दळाला हसू नका, बेलाच्या त्रिदळातलं दळ आहे ते, माझं नावच बघा.

मांडवीवाला:
झडप पण आपलीच आहे. घार झडप घालते ती काय सावकाश घालते? माझे आजोबा हाक मारायचे 'झडपेने ये रे', म्हणजे लवकर ये. झटिति, झटकन, झटपट, झडप, सगळं एकाच घरातलं असणार असं मला कायम वाटत आलंय.

पुण्याहून_बडोद्याला:
झट आणि झड यांची सोयरीक तुम्ही जमवलीत. वाटतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आणि 'झडपेने ये' हे मराठी नव्हे, बडोद्याचं गुजराती आहे मराठी लुगडं नेसलेलं.

मांडवीवाला:
असेल, आजोबांनी ते लुगडं साठ वर्षं नेसवलं आणि कोणाचं काही अडलं नाही.

लेथवरचे_काका:
मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात ३१ वर्षं लेथ चालवली, म्हणजे लोखंड गोल फिरवून कापायचं मशीन. आमच्याकडे स्पीड. मराठी माणूस स्पीड म्हणायचा, गुजराती पण स्पीड आणि बिहारी पण स्पीड. पण फरक शब्दाने कळत नाही ताई, दाखवावा लागतो. चकवर, म्हणजे लोखंड धरून फिरणाऱ्या चकतीवर, खडूने एक ठिपका काढा आणि मशीन अगदी हळू फिरवा. आकडा काटेकोर तोच आहे, म्हणजे तुमची जी काय चाल की झडप ती कायम. पण ठिपका आत्ता वर चाललाय, मग पलीकडे, मग खाली, दिशा सारखी बदलतेय म्हणजे वेग सारखा बदलतोय, आणि वेग बदलतो तिथे कोणीतरी जोर लावत असतंच. लोखंडाला लोखंडच धरून ठेवतं तिथे. कूलंटच्या (लोखंड गार ठेवायला सोडतात त्या तेलकट पाण्याच्या) थेंबाला धरणारं कोणी नाही, तो सुटला की सुटला त्या जागेवरून सरळ, गोलाला घासून जाणाऱ्या रेघेत. आमच्या सगळ्यांच्या शर्टाला उजव्या खांद्यापासून पोटापर्यंत तिरकी तेलकट रेघ असायची, बायको विचारायची रोज त्याच जागी कसं सांडतं. न्यूटनचा पहिला नियम होता तो, १६८७ सालचा, साबणाने जात नव्हता.

सूरसागरकाठ:
काका, हे मी घेणार! मी मुलांना तलावाचं दिलंय. सूरसागरला एक फेरी मारायची, समजा ९०० मीटर भरली आणि १५ मिनिटं लागली, तर सरासरी चाल सेकंदाला १ मीटर. पण निघालो तिथेच परत आलो म्हणून विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. एक मुलगी म्हणाली, मग आजी रोज कशाला जाते? गुजरातीत विस्थापनाला स्थानांतर, तर मराठीत तिने लिहिलं 'आजीचं स्थलांतर शून्य'. खरं म्हणजे बरोबरच, आजी जन्मापासून इथेच.

बेलाचं_पान:
मला खटकतं ते वेगळंच. फोर्स. आपण रोज म्हणतो बळ. बळजबरी, बळेबळे, बळी तो कान पिळी. आणि पुस्तकात 'बल', ळ काढून टाकलेला. गुजराती पुस्तकात मात्र बळ, चांगला ठसठशीत ळ! म्हणजे ळ त्यांनी सांभाळला आणि आपण घालवला, वर ते पोर मराठीत 'बळ' लिहितं तेव्हा आपणच लाल शाईने ल करतो.

पुण्याहून_बडोद्याला:
बल तत्सम आहे, परिभाषेत तत्सम शब्द घेतात म्हणजे बोलीतल्या अर्थाशी गल्लत होत नाही. अंगात बळ नाही म्हणजे अशक्तपणा. त्याचा न्यूटनमध्ये मोजायच्या बलाशी काय संबंध? १ किलोच्या वस्तूला सेकंदाला सेकंदामागे १ मीटरचं त्वरण देतं ते १ न्यूटन, बास.

बेलाचं_पान:
मराठी विश्वकोशात तर फोर्सला 'प्रेरणा' आहे आणि ॲक्सिलरेशनला 'प्रवेग'. गुजरातीतही प्रवेगच. मग त्वरण शुद्ध आणि प्रवेग परका, हे कोणी ठरवलं?

पुण्याहून_बडोद्याला:
परका कोण म्हणालं? मी झडपेबद्दल बोलत होतो. पण 'दारावर ५ न्यूटनची प्रेरणा' हे पोरांना सांगून बघा, दारच व्याख्यान देईल.

मांडवीवाला:
हे आवडलं 😄 पहिल्यांदाच पटलं तुमचं. पण शुद्धतेचं एवढं काय घेऊन बसता, आपल्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला तो आठ भाषांत, एका शब्दासमोर मराठी, गुजराती, फारसी सगळी एका पंगतीला. त्या गावात बसून आपण एका झडपेवरून भांडतोय.

लेथवरचे_काका:
माझे वडील कलाभवनचे, महाराजांच्या तंत्रशाळेत शिकलेले. त्यांच्या तोंडात तिन्ही भाषा असायच्या, शिवी मात्र मराठीत.

मला 'जडत्व' विचारायचंय. पोरं म्हणतात जडत्व म्हणजे जडपणा. चूक द्यायची का? जड कपाट हलवायला अवघड आणि घसरायला लागलं की थांबवायला पण अवघड, म्हणजे अर्धं बरोबर आहे ना.

बेलाचं_पान:
अर्धंच. जड म्हणजे चेतन नाही ते, आपणहून काही करत नाही ते. त्यातून जडत्व. वजनाचा अर्थ मराठी कानाला आधी येतो त्याला काय करणार. पण पोरांना फसवतो तो 'आपणहून थांबणार नाही' हा भाग, त्यांच्या मते प्रत्येक गोष्ट थकून थांबते. घर्षण थांबवतं हे कोणाच्या मनातच येत नाही.

मांडवीवाला:
पतंग द्या त्यांना, उत्तरायण येतंच आहे. पतंग वर एका जागी स्थिर उभा असतो तेव्हा वारा ढकलतो, दोरा ओढतो, वजन खाली खेचतं, आणि तिघांचं मिळून शून्य. ढील दिली की बिघडलं गणित. खेंच मारली की पुन्हा बिघडलं. धाब्यावर नेऊन दाखवा, अर्धा धडा तिथेच होईल.

पुण्याहून_बडोद्याला:
धाब्यावर काय, जेवायला? गच्ची म्हणा हो.

मांडवीवाला:
ही घ्या. 'धाब्याचं घर' हे अस्सल मराठी आहे, मातीच्या सपाट छपराचं. तुमच्या खानदेशात, मराठवाड्यात जाऊन बघा.

पुण्याहून_बडोद्याला:
छप्पर मातीचं असेल तर धाबं. तुमच्या अपार्टमेंटवर कोबा आहे, ती गच्चीच.

बेलाचं_पान:
आणि ते खेंच नाही, खेच. अनुस्वार कुठून आला?

मांडवीवाला:
वाऱ्यावरून. खेच म्हणून बघा, पतंग हलत पण नाही.

सूरसागरकाठ:
अहो, मला उद्या सकाळी साडेआठला झेरॉक्सला द्यायचंय. पहिली ओळ अजून कोरी आहे.

लेथवरचे_काका:
ताई, स्पीड लिहा.

पुण्याहून_बडोद्याला:
चाल!!